लंबगोल चेनरिंग आणि माझे आठ वॅट

दिवाळीच्या बोनसचं मी काय केलं हे बायकोला अजून नीट माहीत नाहीये, म्हणजे "सायकलचा एक पार्ट" एवढंच माहितीये. तो पार्ट म्हणजे लंबगोल चेनरिंग, पॅडलजवळचं चेन ओढणारं दातेरी चाक, फक्त गोल नसलेलं. २०१२ ला ब्रॅडली विगिन्सनं असलंच लावून टूर द फ्रान्सची सायकल शर्यत मारली, पुढं क्रिस फ्रूमनं चार मारल्या, आणि मला फक्त बोपदेव घाट न थांबता चढायचा होता, मागणी काही फार नव्हती.

थिअरी एकदम पटणारी. पॅडल पार वर किंवा पार खाली असताना पायात जोर नसतो, तो डेड स्पॉट, तिथं रिंग लहान म्हणजे पाय झटकन निघून जातो, आणि जिथं आपण दणकून दाबतो तिथं मोठी. (शिमानोनं १९८३ मध्ये बायोपेस नावाचं लंबगोल चेनरिंग काढलं ते याच्या बरोब्बर उलटं, दाबायच्या जागी लहान. काही वर्षांत गेलंच ते.)

बसवून नेहमीच्या सायकलवाल्याकडं गिअर सेट करायला नेली. त्यानं क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, फिरवला, परत फिरवला, चेन वरखाली नाचताना बघून म्हणाला, "सर, चेनव्हील वाकलंय, कुठं आपटली का?" मी समजावेपर्यंत भाऊ हातोडी शोधायला लागलेला.

घाटात पुढचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन ढकलणारा पार्ट, खर्र खर्र करत होता, कारण तो बिचारा गोल रिंगसाठी जन्मलेला. दुसऱ्या वळणाला चेन पडली, हात काळे, तोंड काळं. पण वर जाऊन पॉवर मीटर (पाय किती ताकद लावतात ते वॅटमध्ये सांगणारं यंत्र) बघतो तर १८० चे १८८ वॅट! पेढे वाटायचेच बाकी. मग टायमिंग बघितलं. गेल्या महिन्यापेक्षा अकरा सेकंद जास्त.

रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो तेव्हा कळलं की माझ्या मीटरसारखे क्रँकवर बसणारे मीटर धरून चालतात की पाय अख्ख्या फेरीत एकाच स्पीडनं फिरतोय. लंबगोल रिंगवर जोराच्या जागी पाय हळू जातो, मीटरला पत्ताच नाही, तो आपला सरासरी स्पीडनं गुणून आकडा फुगवतो. म्हणजे आठ वॅट वाढले ते मीटरचे, माझे नाहीत! संशोधन करणाऱ्यांनाही ठाम फायदा असा सापडलेला नाहीये, गुडघ्याला बरं वाटतं म्हणणारे आहेत, पण माझे गुडघे त्यात मोडत नाहीत.

परवा गुपचूप जुनी गोल रिंग घेऊन दुकानात गेलो. त्यानं ती लावली, क्रँक फिरवला, चेन गप्प.

"तरी मी म्हणत होतो सर, वाकलंय."