नाताळच्या भेटी आणि त्यांचा खरा हिशेब

डिसेंबर लागला की 'कमी खर्चात घरच्या घरी नाताळच्या भेटी' अशा मथळ्याचे बरेच काही वाचायला मिळते. त्यात काचेच्या बरण्या, सॅटिनच्या फिती आणि तपकिरी कागद यांची यादी आधी असते, खाण्याचा पदार्थ मागून येतो. गेल्या वर्षी मीही त्या नादाला लागले. बोहरी आळीतून बरण्या, खोकी आणि फिती आणल्या, आणि रात्री हिशेब मांडला तेव्हा प्रत्येक भेटीत आतल्या बिस्किटांपेक्षा वेष्टनावरच जास्त पैसे गेल्याचे दिसले. बिस्किटे दोन दिवसांत संपली असणार. बरण्या मात्र अजून कुणाकुणाच्या माळ्यावर असतील. घरी केलेली भेट नक्कीच स्वस्त पडते, पण ती दुकानातल्या भेटीसारखी दिसली पाहिजे हा हट्ट सोडला तरच, असे माझे मत त्या रात्री झाले आणि ते अजून बदललेले नाही.

खरे तर आम्हा मराठी ख्रिस्ती घरांना हे नव्याने शिकण्याचे कारण नव्हते. माझ्या लहानपणी गुरुवार पेठेत नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चिवडा आणि आईचे जीव टांगणीला लावणारे अनारसे. केक बेकरीतून यायचा आणि पाहुण्यासारखा मोजून मापून वाटला जायचा. गोव्याच्या एक काकू शेजारी राहत. त्यांच्याकडून कलकल आणि दोदोल हे गोड पदार्थ येत, आणि त्यांच्या नेवऱ्यांत व आमच्या करंज्यांत नेमका फरक काय, यावर दरवर्षी तीच चर्चा तितक्याच उत्साहाने होई. ताटावर क्रोशाचा रुमाल टाकून आम्ही मुले ते वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांत पोचवत असू. ताट रिकामे परत करायचे नाही म्हणून त्यात निदान मूठभर साखर तरी पडत असे. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून 1890 साली टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्याची, म्हणजे जातीबाहेर टाकले जाण्याची वेळ ज्या पुण्यात आली, त्याच पुण्यात, त्याच पेठेत आमच्या घरच्या करंज्या सोवळ्याच्या आजींनीही आवडीने खाल्ल्या, हे मला पुढे इतिहास वाचताना लक्षात आले आणि त्या ताटाची किंमत एकदम वाढली.

तेव्हाची दुसरी सोय म्हणजे नानकटाई. मैदा, तूप आणि पिठीसाखर घरून न्यायची आणि बेकरीवाल्याकडून भट्टीत भाजून आणायची. पत्र्याच्या डब्यातून येणारा तो ऊन वास मला आजही कुठल्याही महागड्या केकपेक्षा नाताळचा वाटतो. असे भाजून देणारे आता फार थोडे उरले आहेत. पण घरी लहान ओव्हन असेल तर काम अवघड नाही. अर्धा किलो मैदा, 100 ग्रॅम बेसन, 50 ग्रॅम रवा, 300 ग्रॅम पिठीसाखर आणि सव्वातीनशे ग्रॅम साजूक तूप एवढ्यात 60 नानकटाया होतात. पुण्याच्या डिसेंबरात तूप आपसूकच थिजलेले असते, ते साखरेबरोबर पांढरे आणि हलके होईपर्यंत फेसावे. पीठ मग फार मळू नये आणि पाणी तर मुळीच घालू नये. 170 अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे पुरतात. बाहेर काढल्यावर त्या मऊ लागतात म्हणून घाबरून पुन्हा आत सारू नये, गार झाल्या की खुसखुशीत होतात. (हे मी एक अख्खा घाणा करपवून शिकले आहे.) यात महाग आहे ते फक्त तूप. खर्च कमी करण्यासाठी त्याऐवजी वनस्पती तूप घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. परवडत नसेल तर घरटी बाराऐवजी आठ द्याव्यात.

प्लम केकबद्दलही माझे मत थोडे कडवट आहे. लोणी, अंडी आणि सुका मेवा यांचा खर्च पाहता वीस घरांत वाटायला तो परवडत नाही. तो घरच्यांसाठी एकच करावा. मेवा महिनाभर रममध्ये मुरवलाच पाहिजे असे नाही, संत्र्याच्या रसात दोन दिवस फ्रिजमध्ये भिजवला तरी केक चांगला होतो. रंगासाठी साखर करपवून केलेला पाक पुरे. टूटीफ्रूटी म्हणजे शेवटी कच्ची पपईच, त्यापेक्षा मंडईत याच दिवसांत स्वस्त मिळणाऱ्या नागपुरी संत्र्यांच्या साली दोन-तीनदा पाणी बदलून उकळाव्यात आणि पाकात शिजवाव्यात. वाटण्यासाठी नानकटाईच्या जोडीला पेरूची वडी करावी. गोव्यात तिला पेराड म्हणतात. पेरूचा गर, साखर आणि लिंबू याखेरीज तिला काही लागत नाही, आणि ती चांगली टिकते.

'घरी केले म्हणजे फुकटात झाले' असे जे म्हटले जाते, त्यावर मात्र माझा खरा राग आहे. पेरूचा गर आटवायला तासभर उभे राहावे लागते, आणि बहुतेक घरांत ते कोण उभे राहते हे सगळ्यांना ठाऊक आहे. आईच्या वेळी करंज्यांना चार बायका बसत. आज फ्लॅटमध्ये एकटीने तेच सारे करायचे म्हणजे पैसे वाचतात आणि माणूस दमते. म्हणून यंदा आमच्याकडे दोनच पदार्थ होतील. पीठ मी मळणार, गोळे मुलगा वळणार, आणि पेरूच्या पातेल्यासमोर नवरा उभा राहील, असे ठरले आहे. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या उरलेल्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांतून चार चांदण्याही होतील. त्या नव्या शेजाऱ्यांना द्यायच्या आहेत.

बरण्या आणायच्या नाहीत. स्टीलचे डबे कपाटातच आहेत. 24 तारखेला रात्री उपासनेला जाण्याआधी ते पोचते करायचे, आणि डबा परत हवा आहे असे प्रत्येकाला तोंडावर सांगायचे.