खुलासा : बालीतल्या खेड्यात ‘गाववाल्याच्या नावावर’ जमीन

‘बालीच्या खेड्यात गाववाल्याच्या नावावर जमीन घ्या, आपसात करार करा, जमीन कायमची तुमची’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे.

इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त तिथल्या नागरिकांना (आणि काही ठरावीक संस्थांना) मिळते. परदेशी व्यक्तीला आडमार्गाने मालकी देणारा व्यवहार कलम 26 नुसार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. म्हणजे तो करार कितीही पक्का लिहिला, तरी तोच आडमार्गाचा पुरावा! नावापुरता मालक वारला, तर वारसांपुढे हा करार दाखवून उपयोग शून्य.

कायदेशीर वाट भाडेपट्ट्याची. तो नोटरीपुढे करावा. त्याआधी जिल्हा जमीन कार्यालयात मूळ प्रमाणपत्र तपासून घ्यावं. जमीन पती-पत्नीची सामाईक असेल तर दोघांच्या सह्या हव्यात, वारसाहक्काची असेल तर सगळ्या वारसांच्या. इथे व्यवहार फसू शकतो. मुदतवाढीचा दर आणि रस्त्याचा हक्कही लेखी असू द्या. निवास परवाना असणाऱ्यांना घरासाठी ‘हाक पाकाई’ हा वापरहक्कही मिळू शकतो.

गावाच्या सामाईक जमिनीवरचं घर तर विकतच घेता येत नाही. ती जमीन रूढीने गावाची, राहणाऱ्याकडे गावकीची कामं.

भाव ‘आर’मध्ये सांगतात. आपल्या सातबाऱ्यावरचाच आर, 100 चौरस मीटर.