चाळणी नव्हे, पंगत

हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या कॉन्सन्ट्रेटर यंत्रातला झिओलाइट, म्हणजे अतिसूक्ष्म भोकांचे मणी, नायट्रोजन चाळून काढतो, असं मी ‘कॉन्सन्ट्रेटरच्या पोटातली चाळणी’ या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, झिओलाइटची भोकं नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघांच्याही दुप्पट मोठी, मग चाळलं काय जातं? दोन, ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजनवर अडकणारं यंत्र निकृष्टच.

पहिला आक्षेप मान्य, चूक माझी. नायट्रोजनचा रेणू ३.६४ अँगस्ट्रॉमचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), ऑक्सिजनचा ३.४६, आणि १३एक्स नावाच्या झिओलाइटचं दार सात-साडेसातचं. दोघेही खुशाल आत जातात. खरी गंमत आतच आहे. पोकळ्यांमध्ये सोडियम किंवा लिथियमचे धनभारित आयन बसलेले असतात. नायट्रोजनच्या रेणूतली विद्युतभाराची वाटणी ऑक्सिजनपेक्षा बरीच असमान, म्हणून तो त्या आयनांना जास्त घट्ट चिकटतो. दाब कमी केला की सुटतो. यंत्र दर काही सेकंदांनी ‘फुस्स’ करतं, तो हाच बाहेर पडणारा नायट्रोजन. चाळणीऐवजी पंगत म्हणायला हवं होतं: मांडवात सगळेच शिरतात, पण नायट्रोजन पानावर बसतो आणि ऑक्सिजन आहेर देऊन निघतो.

(चाळणी शोभते ती कार्बनच्या मण्यांना. वेफर्सच्या पाकिटात भरायचा नायट्रोजन त्यांनी वेगळा करतात. तिथल्या अरुंद वाटांतून ऑक्सिजन पटकन आत घुसतो, नायट्रोजन रेंगाळतो.)

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के, आरगॉन ०.९३ टक्के, आणि झिओलाइटला हे दोघे जवळपास सारखेच. नायट्रोजनचा शेवटचा रेणू काढलात तरी आरगॉन सोबत राहणार, म्हणजे ९५.७ च्या वर जाणं नाही. त्यात ९३ म्हणजे यंत्र ठणठणीत आहे.

बिघडलेलं यंत्र कसं असतं, तेही पाहिलंय. २०२१ मध्ये घेतलेलं आमचं यंत्र नंतर दोन पावसाळे माळ्यावर पडून होतं, नळीचं तोंड उघडंच. पुन्हा लावलं तर शुद्धता पार घसरलेली. उघडून खसखशीएवढे मणी तळहातावर घेतले, वर थेंबभर पाणी टाकलं. काही नाही. नव्या, सीलबंद पाकिटातल्या मण्यांवर तेच केलं, तर चटका बसून हात झटकला. कोरडा झिओलाइट पाणी इतक्या हावरटपणे ओढतो की तापतो. आमच्या मण्यांची सगळी पानं पावसाच्या दमट हवेनेच अडवून ठेवली होती, नायट्रोजनला बसायला जागा कुठली?

लेखातली ‘चाळणी’ खोडून खाली दुरुस्ती टाकली आहे. ९३ चा आकडा तसाच ठेवलाय.