आधी ग्राइंडर खाली ठेवा: जुन्या जीपच्या नंबरांवरचा चुकीचा मेसेज

‘वावरात पडलेली जुनी जीप स्वतःच्या नावावर करा’ असा एक मेसेज सध्या इकडे विदर्भात गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. पुसट झालेला चेसिसचा, म्हणजे गाडीच्या खालच्या फ्रेमचा, नंबर घासून नवा पंच करा (ठोका), इंजिन आणि चेसिसचा नंबर एकच असेल तरच गाडी अस्सल, सतरा अक्षरे नसतील तर नंबर बनावट, पन्नास वर्षे झाली की गाडी आपोआप व्हिंटेज, आणि कागद हरवले असतील तर स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र पुरे, असे त्यात ठासून सांगितले आहे. आमच्या मावसभावाने तो वाचला आणि पंचसेट शोधू लागला. म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात घातक सल्ला घासण्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५५(५) वाचा. गाडीवरचा इंजिन किंवा चेसिस नंबर आर.सी.तल्या (नोंदणी प्रमाणपत्रातल्या) नंबराशी जुळला नाही, किंवा नोंदणी खोट्या कागदांवर मिळवलेली निघाली, तर मालकाचे म्हणणे ऐकून नोंदणी रद्द करायची, असे त्यात स्पष्ट आहे. गाडी तुमचीच असली तरी नंबर घासला की ती तुमची आहे हे दाखवणारा सगळ्यात भक्कम पुरावा गेला. वर बनावटगिरीचा संशय तुमच्यावरच.

‘घासल्यावर कोणाला कळते?’ हे तर निव्वळ अज्ञान. पंच मारला की अक्षराच्या खालचे लोखंडही दबते. वरचा थर घासला तरी तो दाब खाली शिल्लक राहतो. फ्रेमच्या पोलादावर आम्ल लावले की दबलेला भाग वेगळा खातो आणि जुने आकडे दिसू लागतात. अशी तपासणी न्यायवैद्यक प्रयोगशाळा नेहमीच करतात. इंजिनचा ब्लॉक बिडाचा, त्यावर हे अवघड जाते. म्हणजे तिथला खरा नंबर एकदा घासला की तुम्हालाही तो परत मिळणे कठीण.

नंबर दिसत नाही याचे कारण बहुतेक वेळा साधे असते. बंपरमागे काळ्या मातीचा चिखल वाळून बसतो, ओल धरतो, त्यावर कोणीतरी दोन-तीन हात रंग मारलेला असतो. रंग काढायचे केमिकल लावून लाकडी पट्टीने रंग उचला. गंजावर डिझेलचा बोळा रात्रभर ठेवा, सकाळी नायलॉनच्या ब्रशने साफ करा. ड्रिलला तारेचा ब्रश लावू नका, अक्षरांच्या कडा गोल होतात आणि ३ चा ८ वाचला जातो. जागा कोरडी झाली की पातळ कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवा आणि ४बी पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा. कागद सरकला तर रेघा दुहेरी येतात, म्हणून तीन प्रिंट घ्या. टॉर्च बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा आणि फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला की खोल भागही सपाट दिसतो. शेवटी ग्रीसचा पातळ हात द्या.

एक मान्य करावेच लागेल: गंजाने खरोखर खाल्लेला नंबर पुन्हा पंच करता येतो. पण आधी आरटीओत अर्ज, तपासणी आणि लेखी परवानगी. लेथवाल्याकडे जाऊन नव्हे.

नंबर एकच असण्याची अट कुठून आली ते कळते. दुसऱ्या महायुद्धातल्या फोर्ड जीपीडब्ल्यू जीपला कारखान्यातून फ्रेम आणि इंजिनवर एकच नंबर होता. त्याच काळच्या विलीज एमबीला मात्र दोन्ही नंबर वेगळे. दोन्ही जीप दिसायला जुळ्या, म्हणून हा घोळ. जीपीडब्ल्यूचा नंबर डाव्या फ्रेमच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो. एमबीचा डाव्या फ्रेमच्या आतल्या अंगाला, बंपरमागे, रिबीट मारलेल्या पट्टीवर. दोन्हींचा इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या मागच्या सपाट जागेवर. ब्लॉकवर उठावात ओतलेले आकडे हा ओतकामाचा नंबर, तो हजारो ब्लॉकवर सारखाच असतो. अर्जात तो लिहिणारे पुष्कळ आहेत. डॅशबोर्डवरच्या पट्टीवरही विसंबू नका, तशा नव्या पट्ट्या विकत मिळतात. इंजिन बदललेले असेल तर ते लपवू नका. कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत कळवून आर.सी.वर नोंद करायची असते.

सतरा अक्षरांचे तर सोडूनच द्या. अमेरिकेतसुद्धा ती १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. १९६० च्या जीपवर सतरा अक्षरे दिसली तर उलट तिथेच संशय घ्या.

पन्नास वर्षांची गोष्ट अर्धी खरी. व्हिंटेज गाड्यांच्या २०२१ च्या केंद्रीय नियमांत वय पहिल्या नोंदणीपासून मोजतात, आणि चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. कापूस घेऊन बाजार समितीत जायचे असेल तर ती नोंदणी तुमच्या कामाची नाही.

प्रतिज्ञापत्राने मालकी तयार होत नाही. आर.सी. हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि नमुना २६. मालक वारले असतील तर वारसाने नमुना ३१ भरायचा. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात आणि १९६० पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून त्या काळचा नोंदणी नंबर आजच्या एमएचच्या साच्यात बसणार नाही. तो टाकून देऊ नका. त्याच नंबरावर जुन्या नोंदीचा उतारा मागा आणि घरातल्या पेटीत सापडेल ती टॅक्सची पावती, जुना विमा अर्जाला जोडा.