ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला रनिंग बॅक संघात टिकेल का, हे मी कशावरून ठरवतो

दर वर्षी जुलै सरत आला की आम्ही बापलेक पिट्सबर्गहून तासाभराच्या अंतरावरील लॅट्रोब गावी, सेंट व्हिन्सेंट कॉलेजच्या टेकडीवर बसून, स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा सराव पाहतो. मुलगा एका वहीत प्रत्येक रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या, नावापुढे त्याने किती यार्ड अंतर काढले ते टिपत असतो, आणि घरी परतताना गाडीत आमचा एकच वाद चालतो: ज्याला ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजातले खेळाडू संघांनी घेण्याच्या वार्षिक निवडीच्या, सातही फेऱ्यांत कोणी घेतले नाही, तो नवखा मुलगा सप्टेंबरात संघात असेल का? मुलगा यार्ड मोजून उत्तर देतो. त्याचे हे मोजमाप मला पटत नाही. पुष्कळ मराठी मित्रही ऑगस्टमधल्या एखाद्या लांब धावेची चित्रफीत पाठवून मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून माझे म्हणणे एकदा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब पाहू. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. उन्हाळी सरावासाठी प्रत्येक संघाला ९० खेळाडू ठेवता येतात आणि हंगामाआधी ती संख्या ५३ वर आणावी लागते. म्हणजे प्रत्येक संघातून ३७ आणि सगळ्या लीगमधून जवळजवळ बाराशे तरुण ऑगस्टच्या अखेरीपर्यंत बाहेर पडतात. उरलेल्या ५३ मध्ये रनिंग बॅकना बहुतेक संघ तीन, फार तर चार जागा देतात. पहिली जागा ज्याच्यासाठी संघाने वरच्या फेरीतली निवड किंवा मोठा पगार खर्च केला त्याची असते, दुसरीही बहुधा ठरलेली असते. नवखा लढतो तो तिसऱ्या जागेसाठी. या तिसऱ्या जागेवरच्या माणसाकडून संघाला नेमके काय हवे असते, हे ज्याला कळले त्याला पुढचे सगळे कळते.

सामन्याच्या दिवशी ५३ पैकी जास्तीत जास्त ४८ जणांना मैदानात उतरण्याची परवानगी असते. मुख्य रनिंग बॅक धडधाकट असेल तर तिसऱ्याच्या हाती चेंडू एकदाही येणार नाही, असे रविवार पुष्कळ असतात. मग त्याला त्या ४८ मध्ये का घ्यायचे? किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) अडवायला, पंटच्या (चेंडू समोरच्या संघाला देऊन टाकणाऱ्या लांब किकच्या) वेळी धावत जाऊन समोरच्याला पाडायला, आणि तिसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्या लाइनबॅकरला, म्हणजे समोरच्या बचावपटूला, थोपवायला. ही तीनही कामे चेंडूशिवायची आहेत. कॉलेजात ज्याने हजार यार्ड काढले, त्याला यांतले बरेचसे कधी करावेच लागलेले नसते, कारण तिथे तोच संघाचा मुख्य आधार होता.

जेलन वॉरनचे उदाहरण घेतो, कारण ते आम्ही जवळून पाहिले. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ खेळाडूंची निवड झाली आणि त्यांत वॉरन नव्हता. युटामधील स्नो कॉलेज, मग युटा स्टेट आणि शेवटच्या वर्षी ओक्लाहोमा स्टेट असा त्याचा प्रवास होता. ओक्लाहोमा स्टेटकडून त्याने त्या हंगामात १,२१६ यार्ड काढले होते. उंची मात्र ५ फूट ८ इंच, आणि डोळे दिपवणारा वेगही नाही. स्टीलर्सकडे आदल्याच वर्षी पहिल्या फेरीत घेतलेला नाजी हॅरिस होता, ज्याने पहिल्याच हंगामात ३८१ वेळा चेंडू हाताळला होता. त्याच्या मागे बेनी स्नेल आणि अँथनी मॅकफार्लंड हे दोघे होते आणि दोघेही चौथ्या फेरीतले होते. कागदावर वॉरनला जागा दिसत नव्हती, आणि जुलैत मला कोणी विचारले असते तर मीही नाहीच म्हणालो असतो.

माझे मत बदलले ते ‘बॅक्स ऑन बॅकर्स’ या सरावामुळे. स्टीलर्सच्या कॅम्पमधला हा जुना, प्रसिद्ध प्रकार आहे. एका बाजूला लाइनबॅकर, दुसऱ्या बाजूला एकटा रनिंग बॅक आणि त्याच्या पाठीमागे क्वार्टरबॅकच्या जागी काहीतरी उभे केलेले; लाइनबॅकरने वेगाने यायचे आणि बॅकने त्याला अडवायचे. मदतीला कोणी नाही, लपायला जागा नाही. वॉरन तिथे आपल्यापेक्षा उंच आणि वजनदार माणसांच्या छातीखाली शिरून त्यांना जागच्या जागी रोखत होता. बुटकेपणा इथे त्याच्या कामी आला, कारण या झटापटीत ज्याचे खांदे खाली असतात त्याचा जोर चालतो. टेकडीवर बसलेल्या जुन्या प्रेक्षकांचा आवाज त्या दिवशी कसा वाढत गेला, ते मला अजून आठवते.

या कामात ताकदीहून अधिक लागते ते डोके. चेंडू सुटण्याआधी संरक्षणाची रचना ठरते. आपली पुढची फळी कोणाकोणाला घेणार आणि मोकळा राहणारा माणूस कोण, हे रनिंग बॅकने क्षणार्धात ओळखायचे असते; तो आतल्या बाजूने आला तर आधी त्याला, तो आला नाही तर बाहेरच्याला. कॉलेजातल्या पसरट आक्रमणांत चेंडू झटपट सुटतो, त्यामुळे कित्येक बॅकना हे वाचन शिकण्याची संधीच मिळालेली नसते. एक चूक झाली तर कोट्यवधी डॉलरचा क्वार्टरबॅक जायबंदी होऊ शकतो. ज्याच्यावर हा भरवसा ठेवता येत नाही त्याने वीस यार्डांची धाव काढली तरी प्रशिक्षकाला रात्री झोप लागत नाही, आणि मला त्यात प्रशिक्षकाची काहीच चूक वाटत नाही.

त्या कॅम्पमध्ये हॅरिसचा पाय दुखावला होता, त्यामुळे वॉरनला सरावात जास्त वेळ मिळाला, हेही खरे आहे. तरी मिळालेल्या वेळात त्याने प्रशिक्षकांचा विश्वास कमावला आणि ५३ जणांच्या यादीत हॅरिस व स्नेल यांच्यासोबत तिसरे नाव त्याचे आले. मॅकफार्लंडला प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरत्या ठेवलेल्या राखीव खेळाडूंत, जावे लागले. स्नेल टिकला, कारण तो स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किकऑफ आणि पंटच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांत, मनापासून राबणारा होता. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, वॉरनने दर धावेला सरासरी ५.३ यार्ड काढले आणि ६१ झेल घेतले, पण तिथवर पोचण्याचा दरवाजा त्याला ब्लॉकिंगने, म्हणजे समोरच्याला अडवण्याच्या कामाने, उघडून दिला होता.

स्पेशल टीम्सचे महत्त्व पटवायला मी मुलाला टेरेल डेव्हिसची गोष्ट सांगतो. डेव्हिस ड्राफ्टमध्ये घेतला गेला होता, पण १९९५ च्या सहाव्या फेरीत, म्हणजे त्याचीही स्थिती फार निराळी नव्हती. त्या ऑगस्टमध्ये डेन्व्हर ब्रॉंकोसचा एक सराव सामना टोकियोत झाला. त्यात किकऑफवर धावत जाऊन त्याने समोरच्या चेंडूवाल्याला असे काही आडवे केले, की प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर खिळली. तीन वर्षांनी त्याच माणसाने एका हंगामात २,००८ यार्ड काढले आणि २०१७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. अलीकडे किकऑफचे नियम बदलल्यामुळे चेंडू परत घेऊन धावण्याचे प्रसंग पुष्कळ वाढले आहेत, त्यामुळे ज्या नवख्याला ते काम येते त्याचे पारडे मला पूर्वीपेक्षा जड वाटते.

आता यार्डांकडे वळतो, कारण मुलाची वही मी अगदीच निरुपयोगी म्हणत नाही. प्रीसीझनच्या, म्हणजे हंगामाआधीच्या सराव सामन्यातली ऐंशी यार्डांची धाव पाहताना ती कोणत्या क्वार्टरमध्ये निघाली आणि समोर कोण होते, हे पाहायला हवे. चौथ्या क्वार्टरमध्ये समोरचे निम्म्याहून अधिक खेळाडू दोन आठवड्यांनी कुठल्याच संघात नसतात. मला यार्डांपेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. पहिल्या सामन्यात जो पाचव्या क्रमांकाने उतरला तो दुसऱ्यात तिसरा आला का? पहिल्या फळीचा क्वार्टरबॅक मैदानात असताना त्याला एखाद्या तिसऱ्या डाउनला ठेवले का? आणि फंबल, म्हणजे हातातला चेंडू निसटणे. नवख्याला एक फंबल फार तर माफ होतो, दुसरा होत नाही.

याखेरीज एक गोष्ट मैदानाबाहेरची आहे आणि तिच्याकडे आपण चाहते कमी लक्ष देतो. सातव्या फेरीत घेतलेल्या मुलाला संघ निवडता येत नाही. ज्याला कोणीच घेतले नाही त्याला येतो. ड्राफ्ट संपल्यावर काही तासांत फोन सुरू होतात आणि दोनतीन संघांनी विचारले तर कुठे जागा रिकामी होऊ शकते याचा विचार खेळाडू व त्याचा एजंट करू शकतात. जेम्स रॉबिन्सन २०२० मध्ये इलिनॉय स्टेटमधून जॅक्सनव्हिलला गेला. त्या वर्षी साथीमुळे प्रीसीझनचे सामनेच झाले नाहीत, म्हणजे स्वतःला दाखवण्याची नेहमीची संधीही गेली. तरी ३१ ऑगस्टला संघाने आपला मुख्य बॅक लेनर्ड फोर्नेट याला सोडले आणि रॉबिन्सन पहिल्याच सामन्यापासून मुख्य बॅक झाला. हंगामाअखेर त्याचे १,०७० यार्ड होते. याला नशीब म्हणणारे आहेत. मी इतकेच म्हणेन, की सराव पाहणाऱ्या प्रशिक्षकांना त्याच्यावर विसंबता येईल असे वाटले नसते, तर त्यांनी फोर्नेटला सोडलेच नसते.

झेल हा आणखी एक मार्ग. कोलोरॅडोतल्या एका लहान, डिव्हिजन दोनच्या कॉलेजातून आलेला ऑस्टिन एकेलर २०१७ मध्ये चार्जर्सकडे आला तेव्हा त्याच्याकडेही कोणी पाहिले नव्हते. २०२२ मध्ये त्याने १०७ झेल घेतले. त्याच एकेलरने पुढच्या वर्षी जुलैत लीगमधल्या रनिंग बॅकना ऑनलाइन बैठकीत एकत्र आणले, कारण या जागेचे मोल संघ सतत कमी करत होते. मला याची दुसरी बाजूही दिसते आणि ती सुखाची नाही: बॅक स्वस्तात मिळतात असे संघांना वाटते म्हणूनच ड्राफ्टबाहेरच्या मुलाला या जागेवर इतर जागांपेक्षा लवकर संधी मिळते, आणि म्हणूनच त्याला तितक्याच लवकर बदललेही जाते.

५३ मध्ये नाव आले नाही म्हणजे सारे संपले असेही मी मानत नाही. सोडलेला नवखा वेव्हरवर जातो आणि तिथे इतर ३१ संघांना त्याला उचलण्याची मुभा असते. लेगॅरेट ब्लाउंटला २०१० मध्ये टेनेसीने सोडले, टँपा बेने लगेच घेतले, आणि त्याच हंगामात त्याने १,००७ यार्ड काढले. एरियन फॉस्टर २००९ मध्ये ह्यूस्टनच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर होता आणि पुढच्याच वर्षी १,६१६ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला. रहीम मॉस्टर्टला तर सहा संघांनी सोडले. सोडल्याच्या तारखा त्याने लिहून ठेवल्या आणि सामन्याआधी तो त्या वाचत असे. सॅन फ्रान्सिस्कोत तो बराच काळ स्पेशल टीम्सचा माणूस म्हणून टिकला, आणि जानेवारी २०२० मध्ये ग्रीन बेविरुद्ध एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात त्याने २२० यार्ड आणि चार टचडाउन काढले.

म्हणून कोणा नवख्याबद्दल मला विचाराल, तर पॅड चढवून सराव सुरू होईपर्यंत मी उत्तर देणार नाही. अर्ध्या चड्डीत पळताना सगळेच चांगले दिसतात. दुसऱ्या प्रीसीझन सामन्यात तो पहिल्या अर्ध्यात, तिसऱ्या डाउनला, मुख्य क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा दिसला आणि पंट अडवणाऱ्यांतही त्याचा क्रमांक असला, तर मी त्याला संघात धरतो, मग त्याचे यार्ड बारा असोत की वीस. तसे दिसले नाही, तर प्रॅक्टिस स्क्वॉडच्या १६ जागा पाहायच्या आणि वेव्हरचे चोवीस तास उलटेपर्यंत वाट पाहायची. मुलाला यंदा वहीत प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना आखायला सांगितले आहे, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर चालून येणे) थोपवल्याचा.