ग्रुप तुटला तर तुटू दे, पण मागच्याला पुढे जाऊ द्या

सुट्ट्या जोडून आल्या की शुक्रवार संध्याकाळपासूनच माझं डोकं तापायला लागतं. शनिवारी सकाळी दापोलीच्या रस्त्यांवर काय दिसणार ते ठाऊक असतं ना. बारा, पंधरा, कधी वीस मोटरसायकली, एकमेकींना चिकटून, दोन-दोनच्या जोडीने, ताशी तीसच्या वेगाने. त्यांच्या मागे एक एसटी, दोन रिक्षा, चिऱ्यांचा ट्रक आणि मासळी भरलेला माझा पिकअप. सगळ्यांनी त्यांच्या मागून वरातीत चालल्यासारखं चालायचं. का? तर ह्यांचा ग्रुप तुटता कामा नये!

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी फाटे फोडायला नको. तुम्ही हळू चालवता ह्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. आमचे रस्ते वळणावळणाचे, अनोळखी माणसाने हळूच जावं. पावसात तर आणखी हळू जावं. मोटरसायकलवाल्यांचा मला राग नाही, मी स्वतः रोज बंदरावर दुचाकीवरून जातो. माझा राग आहे तो मागच्याला वाट न देण्याचा. हळू जायचं तर जा, पण मागे कोण आहे ते आरशात बघा, मध्ये जागा सोडा, आणि कोणी पुढे जात असेल तर त्याला सुखाने जाऊ द्या. एवढं साधं आहे हे. आणि एवढंच होत नाही.

साधा हिशेब मांडतो. पंधरा गाड्या, प्रत्येकीमध्ये दहा मीटर अंतर धरलं तरी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत साधारण १७० मीटरची रांग होते. तुम्ही ३० ने चाललाय, मी ५० ने पुढे जायला बघतोय. तुमची सगळी रांग ओलांडायला मला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात मी सव्वाचारशे मीटर रस्ता चुकीच्या बाजूने कापतो. समोरून येणारासुद्धा तेवढंच अंतर कापून माझ्या अंगावर येत असतो. म्हणजे मला समोर जवळजवळ एक किलोमीटर सरळ, मोकळा रस्ता दिसायला हवा. दापोली ते दाभोळ, हर्णै ते केळशी, गुहागर ते वेळणेश्वर, कुठे आहे एवढा सरळ रस्ता? दाखवा मला. तेच पंधरा जण पाच-पाचच्या तीन तुकड्या करून गेले आणि दोन तुकड्यांमध्ये नीट अंतर ठेवलं, तर एका तुकडीला दहा-अकरा सेकंद पुरतात. समोर तीनशे मीटर दिसलं तरी भागतं. मागून येणारा एक तुकडी ओलांडतो, मधल्या मोकळ्या जागेत शिरतो, समोर बघतो, मग दुसरी ओलांडतो. कोणाच्या जिवाला घोर नाही. ग्रुप रायडिंग शिकवणारे जगभरचे लोक हेच सांगतात: पाच ते सात जणांचे गट करा आणि वळणाच्या रस्त्यावर जोडी मोडून एकामागे एक चला. हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. अंगावर हजारोंची जॅकेटं असतात, पाठीवर क्लबचं नाव असतं. माहीत असतं सगळं. करायचं नसतं.

आणि रस्ता तरी केवढा? दोन लेनचा म्हणजे सात मीटर, तो हायवेला. आतले आमचे बरेचसे साडेपाच मीटरचे, काही ठिकाणी तर पावणेचारच. एसटी अडीच मीटर रुंद. साडेपाचातून ती वजा करा, उरले तीन मीटर. त्या तीन मीटरमध्ये दोन्ही बाजूंना पेट्या बांधलेल्या दोन मोटरसायकली शेजारी-शेजारी, गप्पा मारत. मग एसटीच्या ड्रायव्हरने जायचं कुठून? एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला पऱ्या, म्हणजे ओढा.

पण तळपायाची आग मस्तकात जाते ती दुसऱ्याच एका गोष्टीने. घाटीत, वळणांवर हे लोक तीसने चालतात. मी गप्प बसतो, म्हणतो, सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, पोचलो की जाईन पुढे. आमच्याकडे सरळ रस्ता मिळतो तो सड्यावरच, सगळ्यांना माहीत आहे. सडा येतो. मी इंडिकेटर देतो, हॉर्न देतो, बाहेर काढतो. आणि नेमके तेव्हाच ह्यांचे ॲक्सिलरेटर पिळले जातात! तीसचे ऐंशी होतात. मी निम्म्या रांगेच्या बाजूला, माझ्या गाडीत टनभर माल, समोरून कोणीतरी येतंय, आणि डावीकडे आत शिरायला जागा नाही, कारण सातव्या नंबरच्याने मला बघून सहाव्याशी अंतर कमी केलं. मुद्दाम. मी स्वतः बघितलंय, मान वळवून माझ्याकडे बघतो आणि मग गाडी पुढे रेटतो. ग्रुपमध्ये परका नको! अरे, माझ्या गाडीला समोरचा ट्रक येऊन धडकला तर तुमचा सातवा आणि आठवाही त्यातच सापडणार आहेत, एवढं तरी कळतं का?

कोणी आपल्याला ओव्हरटेक करत असताना आपला वेग वाढवायचा नाही, त्याला अडवायचं नाही. हा माझ्या मनाचा नियम नव्हे. १९८९ च्या नियमांत तो होता, २०१७ साली केंद्राने नवे नियम काढले त्यांतही आहे. लायसन्स काढताना प्रत्येकाने हे वाचलेलं असतं, निदान वाचलेलं असायला हवं. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने आधी वाट द्यायची, हेही त्यातच आहे. आमच्या घाट्यांमध्ये ह्या नियमावरच सगळं चालतं. भरलेल्या गाडीचा चढणीला एकदा जोर तुटला की ती पहिल्या गिअरवर येते, क्लच जळाल्याचा वास सुटतो, हँडब्रेक लावून पुन्हा उचलावी लागते. वरून उतरणाऱ्या पंधरा जणांना दहा सेकंद डावीकडे थांबायला काय जातं? पण पुढचा थांबला नाही म्हणून मागचा थांबत नाही, आणि मग मीच थांबायचं, भरल्या मालासकट.

आसूदचं वळण घ्या. हर्णैहून दापोलीला चढताना बागांमधून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना झाडं, पुढचं काही दिसत नाही. मी दुसऱ्या गिअरवर, मागे बर्फातली सुरमई आणि पापलेटं, खेडला वेळेत पोचवायची. पुढे असाच एक ताफा. शेवटचा जो होता, त्याने आरशात मला बघितलं आणि डावा हात बाहेर काढून ‘जा, जा’ अशी खूण केली. वळणाच्या तोंडावर! मी गेलो नाही. वळणापलीकडे त्याला माझ्यापेक्षा जास्त काय दिसत होतं? खूण करून त्याचा हात हँडलवर परत जातोय तोवर वरून एसटी आली, भरलेली, दारात माणसं उभी. मी त्याच्या हातावर विश्वास ठेवला असता तर त्या दिवशी आसूदच्या वळणावर काय झालं असतं ते लिहायलासुद्धा नको वाटतं. त्याचा हेतू चांगला असेल. असू दे. पण ज्याला पुढचा रस्ता दिसत नाही त्याने दुसऱ्याला जायला सांगायचं नाही. मदतच करायची असेल तर वेग कमी करा, डावीकडे व्हा, पुढच्याशी अंतर वाढवा. खूण करू नका, निर्णय माझा मला घेऊ द्या.

चारही इंडिकेटर चालू ठेवून फिरायची टूम कोणी काढली देव जाणे. पाऊस पडला की पंधराच्या पंधरा गाड्या लुकलुकत चालतात, दापोली ते गुहागर. अहो, ते दिवे बंद पडलेल्या, रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीसाठी असतात. सगळे दिवे एकदम लुकलुकताहेत म्हटल्यावर तुम्ही उजवीकडे वळणार की डावीकडे, हे मागच्याने ओळखायचं कसं? फाटा आला की पहिला अचानक उजवीकडे घेतो, मागचे चौदा त्याच्यामागे, आणि मी ब्रेकवर उभा. त्यात ते पिवळे जादा दिवे, समोरच्याच्या बरोबर डोळ्यांत मारणारे. पावसात काचेवर तो उजेड पसरला की गडगा कुठे आणि रस्ता कुठे काही कळत नाही.

हेल्मेटच्या आत इंटरकॉमवर गाणी आणि गप्पा चालू असतात, त्यामुळे हॉर्न ऐकू जात नाही. माझा हॉर्न नाही ऐकला तरी चालेल, मासळी थोडी उशिरा पोचेल, दर पडेल, नुकसान माझं. पण १०८ मागे लागली तरी ऐकू जात नाही, त्याचं काय? आमच्याकडे धड इलाज हवा तर माणसाला चिपळूण, डेरवण नाहीतर रत्नागिरी गाठावी लागते. चिपळूणलाच दीड-दोन तास, रत्नागिरीला त्याहून जास्त. त्या गाडीत कोणाची बाळंतीण असते, कोणाचा बाप असतो. ती सायरन वाजवत मागे असताना पुढचे दोघं जोडीने चाललेत आणि कोणाचंही आरशात लक्ष नाही, हे बघितलं की शिव्या तोंडात येतात. आणि मी त्या देतोसुद्धा, काच खाली करून.

दाभोळच्या फेरीबोटीवरही तेच. धोपावेला बोट लागली की दुचाक्या आधी उतरतात, ते ठीक. पण उतरून लगेच जेटीच्या तोंडावरच सगळे थांबतात, मोजामोजी करतात, कोण राहिलं, कोणाची चावी कुठे. मागे बोटीवर गाड्या इंजिन चालू करून उभ्या. पन्नास पावलं पुढे जाऊन मोजा की! आरे-वारेला तर बोलायची सोय राहिली नाही. समुद्र दिसला की वळणावरच गाड्या आडव्या लावायच्या, रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढायचे.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे. मोठ्या गाड्या घेऊन येणारे आणि आमच्यातलेही काही ड्रायव्हर ह्या दुचाक्यांना साईडपट्टीवर ढकलतात. हॉर्नवर हात ठेवून अंगावर जातात, हातभर अंतरावरून निघून जातात. त्यांची बाजू मी कधीही घेणार नाही. आमच्या साईडपट्टीवर जांभ्याची बारीक खडी असते, डांबर आणि माती ह्यांच्यामध्ये कित्येक ठिकाणी वीतभर खाच असते, पावसाळ्यात वर शेवाळ धरतं. तिथे दुचाकी उतरली की पुढचं चाक सरकलंच. म्हणून मोटरसायकलवाल्यांना साईडपट्टीवरून चालवा असं मी सांगत नाही, आणि कोणी सांगितलं तर ऐकूही नका. डांबरावरच चालवा, आपल्या लेनमध्ये जागा धरून चालवा, तुमचा हक्क आहे तो. आणि ओलांडणाऱ्यानेही मोटारीला जेवढी जागा सोडतो तेवढी दुचाकीला सोडलीच पाहिजे. नसेल तेवढी जागा तर मागे थांबावं. मी थांबतो. पण तुम्ही जागाच होऊ देणार नसाल तर माणसाने किती वेळ थांबायचं? खेडच्या स्टेशनवर गाडी कोणासाठी थांबत नाही. बर्फ कोणासाठी थांबत नाही.

आणि जमत नाही असं तर बिलकुल नाही. मागे एकदा वाकवलीच्या बाजूला एक ग्रुप लागला, त्यात निम्म्या मुली होत्या. चार-चार, पाच-पाचच्या तुकड्या, मध्ये चांगलं अंतर. शेवटच्या बाईने मागे रांग झालेली बघितली, पुढच्यांना काहीतरी सांगितलं असावं, आणि पुढचा फाटा येताच सगळे आत शिरून उभे राहिले. आम्ही पाच-सहा गाड्या पुढे गेलो. एक मिनिटही गेलं नसेल त्यांचं. एसटीच्या ड्रायव्हरने जाताना हात केला, मीही केला. ह्यांना जमतं तर बाकीच्यांना कसली अडचण आहे? रस्ता चुकेल म्हणता? प्रत्येकाच्या हँडलवर मोबाईल लावलेला असतो, मुक्कामाचं लोकेशन त्यात असतं. मागे राहिलेला दहा मिनिटांनी पोचेल. चहा तोवर संपत नाही.

तेव्हा जो कोणी तुमच्यात पुढे चालतो, ज्याच्या सांगण्यावर बाकीचे चालतात, त्याला माझं सांगणं आहे. सकाळी लॉजच्या अंगणात पेट्या बांधून झाल्या की निघायच्या आधी सगळ्यांना बोलवा. तुकड्या पाडा. वळणावर जोडीने चालायचं नाही म्हणून सांगा. सड्यावर कोणी ओलांडत असेल तर ॲक्सिलरेटर सोडायचा म्हणून सांगा. सगळ्यात मागे जो अनुभवी असेल त्याला ठेवा, आणि मागे तीन गाड्या साठल्या की पुढच्या फाट्यावर ग्रुप आत घ्यायचा अधिकार त्याला द्या. आणि ते चारही इंडिकेटर तिथेच, अंगणातच बंद करायला लावा.