बास्क शाळा सरकारने काढल्या? तारखा काही वेगळंच सांगतात

मातृभाषेतल्या शिक्षणाचा विषय निघाला की स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क भाषेचा दाखला हमखास येतो. सोबत एक दावाही फिरत असतो: ‘1975मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको गेला, बास्क प्रदेशाला स्वायत्तता मिळाली, सरकारने बास्क माध्यमाच्या शाळा काढल्या आणि भाषा वाचली. पालकांच्या हातात काही नसतं.’ कुणी पुढे जोडतं, की या शाळा म्हणजे ‘एटा’ या सशस्त्र संघटनेचंच अपत्य.

आधी तारखा पाहू. स्वायत्ततेचा कायदा 1979चा. बास्क माध्यमाच्या शाळेला ‘इकास्तोला’ म्हणतात, आणि दोनोस्तिया शहरात मिगेल मुन्योआ यांनी अशी शाळा 1914मध्येच काढली होती. कायद्याच्या 65 वर्षं आधी! त्याहीपूर्वी, 1896मध्ये, भाषाअभ्यासक धर्मगुरू आस्कुए यांनी बिल्बाओत तसा प्रयत्न केला होता. दोन्ही खासगी पुढाकार.

‘फ्रँकोच्या राज्यात सगळं ठप्प होतं’ हे अर्धंच खरं आहे. स्पेनच्या यादवी युद्धात त्या शाळा बंद पडल्या, हे खरं. पण मुन्योआंच्या शाळेत शिकवलेल्या एल्बिरा सिपित्रिया फ्रान्समधल्या आश्रयातून परतल्या आणि 1940च्या दशकात त्यांनी दोनोस्तियात घराघरांतून वर्ग सुरू केले. दारावर पाटी नाही, घंटा नाही, सरकारदरबारी नोंद नाही. एका खोलीत मोजकी मुलं, आणि आसपासच्या रोजच्या वस्तूंवरून धडे. शिक्षिकेला मुलं ‘अंदेरेन्यो’ म्हणत, म्हणजे आपल्या ‘बाई’. याच बाईंनी पुढे तरुण मुलींना तयार केलं, आणि त्या मुलींनी आपापले वर्ग उघडले. 1960च्या दशकात गावोगावी इकास्तोला निघाल्या, त्या या मुळावर. चर्चच्या आडोशाने अनेक शाळा तगल्या. या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती ही बिनपाटीची खोली, आणि नेमकी तीच त्या दाव्यात नाही.

‘एटा’ची स्थापना 1959ची. तोवर सिपित्रियांचे वर्ग दशकभराहून अधिक काळ चालू होते. पुढे चळवळीत राजकारण शिरलं, तीव्र मतभेदही झाले, ते नाकारायचं कारण नाही. पण नंतर जन्मलेल्याला बाप कसं म्हणायचं?

खासगी म्हणजे श्रीमंतांच्या, हा समजही टिकत नाही. बहुतेक इकास्तोला पालकांच्या सहकारी संस्था होत्या. फी पालकांची, धावपळही त्यांचीच. 1977पासून गिपुस्कोआ प्रांतात ‘किलोमेत्रोआक’ हा लोकउत्सव भरतो, तो याच शाळांना पैसा उभा करण्यासाठी.

1982च्या भाषा कायद्यानंतर सरकारी शाळांतही बास्क माध्यम वाढलं. तो विस्तार शासनाच्या बळाशिवाय झाला नसता, हे मान्यच.

पण सीमेपलीकडे, फ्रान्समधल्या बास्क भागात, ना फ्रँको होता ना स्वायत्तता. तिथेही 1969मध्ये पालकांनी इकास्तोला सुरू केली आणि संस्थेला नाव दिलं ‘सेआस्का’, म्हणजे पाळणा.